दातवाल्या वहिनींची तोंडओळख

गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. लग्न होऊन आल्या तेव्हा शेजारच्या दोन-तीन पोरांच्या त्या वहिनी झाल्या, आणि मग ते नाव असं चिकटलं की पोस्टमन, दूधवाला, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळ्यांच्याच वहिनी. त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत वहिनी म्हणून हाक मारायची. पण गल्लीत वहिन्या पुष्कळ. तेव्हा नेमकी ओळख पटवायची झाली तर 'दातवाल्या वहिनी'. याला कारण त्यांचे स्वतःचे दात नव्हेत. ते चारचौघींसारखेच होते. वहिनी कवळ्या बनवायच्या.

घराची मागची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर छोटी शेगडी, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, चाकू, कोरण्या, कोपऱ्यात पॉलिशचं चाक आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की दचकायचा. वहिनींचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते, थट्टेखोर माणूस. ते म्हणायचे, "आमच्याकडे पाहुण्यांचा राबता फार. नुसते आ वासून बसतात, पण जेवायला मागत नाहीत, तेवढं बरं आहे."

धंदा मूळचा सासऱ्यांचा. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वहिनी या घरात आल्या तेव्हा काम मागच्या खोलीत चालायचं, पण माणसं पुढच्या खोलीत यायची. तिथे रस्त्याकडे तोंड करून एक खुर्ची होती, मान टेकायला उशी असलेली. दात गेलेली माणसं थेट यायची, खुर्चीत बसायची, आप्पा त्यांच्या तोंडाचं माप घ्यायचे, कवळी करायचे आणि स्वतःच्या हातानं बसवायचे. वहिनींनी आधी प्लास्टर कालवायला सुरुवात केली, मग मेणात दात मांडायला शिकल्या. आणि कवळी बसवायच्या दिवशी आरसा धरायचं काम त्यांच्याकडे आलं.

ते काम त्यांना सगळ्यांत आवडायचं. कवळी तोंडात गेली की माणूस आधी जिभेनं चाचपतो, मग आवंढा गिळतो, मग भीत भीत आरशात बघतो. वहिनींनी बघून ठेवलं होतं, आधी डोळे बदलतात आणि मग ओठ. एकदा एक म्हातारी बाई आल्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आरशात त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. त्या नावात 'स' होता. पुढचे दात पडल्यापासून तो 'स' नुसता वाऱ्यासारखा निघून जायचा. त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं, आणखी एकदा घेतलं, आणि म्हणाल्या, "कितीतरी वर्षांनी तिला नीट हाक मारली मी." बहीण कुठे होती, होती की नव्हती, कोणी विचारलं नाही. वहिनी आरसा धरून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. त्या दिवशी त्यांना या कामाची जी चटक लागली, ती पुढे आयुष्यभर पुरली.

मग कायदा आला.

कायदा वाईट होता असं नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पथारी टाकून दात उपटणारे, उकळलेलं पाणी कशाशी खातात हे माहीत नसलेले लोक पुष्कळ होते. त्यांच्या हातून माणसांची तोंडं नासली होती. तेव्हा सरकारनं ठरवलं, माणसाच्या तोंडात हात घालायचा तो फक्त नोंदलेल्या डॉक्टरनं. बाकीचे जे कोणी 'कृत्रिम दंतसाहित्य तयार करणारे' आहेत, त्यांनी डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून आणि 'रुग्णाशी प्रत्यक्ष संबंध न येता' काम करावं. पथारीवाले आणि आप्पा एकाच वाक्यात बसवले गेले.

तपासणीला निरीक्षक आला तो भला माणूस होता. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि ओशाळून म्हणाला, "आप्पा, ही खुर्ची काढावी लागेल."

"खुर्चीनं काय गुन्हा केला?" आप्पा म्हणाले. "कायद्यात खुर्ची कुठे आहे?"

"कायद्यात नाही. पण खुर्ची ठेवलीत तर माणूस बसणार. माणूस बसला की तोंड उघडणार. आणि उघडलेलं तोंड समोर असलं की तुमचा हात काही थांबायचा नाही."

ते खरं होतं, आणि आप्पांनाही ते ठाऊक होतं. खुर्ची कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं नेली. पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं गेलं आणि तिथे कपड्यांचं कपाट आलं. आप्पांनी त्यानंतर कामातला हात हळूहळू काढून घेतला. सगळं वहिनींवर आलं.

बसथांब्यासमोर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथून सकाळी एक डबा यायचा. डब्यात मापं आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर वरचा की खालचा, रंगाचा नंबर, आणि 'स्त्री, ६०' किंवा 'पुरुष, ७१'. बस्स. वहिनींनी मापात प्लास्टर ओतायचं, साचा करायचा, मेणात दात मांडायचे, ते डब्यात घालून पाठवायचे, डॉक्टरबाई ते माणसाच्या तोंडात लावून बघणार, सुधारणा सांगणार, डबा परत येणार. शेवटी मेण वितळवून त्याच्या जागी कायमचा माल भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. आणि पाठवून द्यायचा. कोणाकडे गेला, कसा बसला, काही कळायचं नाही.

वहिनींना साच्यावरून पुष्कळ कळायचं. हा माणूस उजवीकडूनच चावत असणार. या बाईचे खालचे दात फार आधी गेले, हिरडी अगदी झिजली आहे. हा झोपेत दात खात असेल. पण साच्याला डोळे नसतात. तो आनंदी आहे की नाही, ते सांगत नाही. वहिनी हातातलं काम थांबवून त्या पांढऱ्या जबड्याकडे बघत राहायच्या आणि त्याच्यावर नाक बसवायच्या, गाल बसवायच्या, कपाळावर केस आणायच्या. मग स्वतःलाच हसायच्या आणि चाकू उचलायच्या. कायदा आल्यापासून तोंडं इतकी पाहिली, पण तोंड एकाचंही पाहिलं नाही, असं त्या एकदा यजमानांना म्हणाल्या. यजमान पटकन काही विनोद करणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

डबा आणणाऱ्या शिपायाला त्या विचारायच्या, "कोण हो या? कालच्या?"

"मला काय ठाऊक वहिनी. मी डबा आणतो."

कवळी बसवायचा दिवस त्यांना अंदाजानं कळायचा. मग त्या काहीतरी निमित्त काढून बसथांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या. बस यायची, जायची, पुन्हा यायची. दवाखान्याच्या दारातून माणसं बाहेर पडायची ती तोंडावर रुमाल धरून. नवी कवळी बोचते, लाळ सुटते, लाज वाटते; पहिल्या दिवशी कोण तोंड उघडतंय? रुमालाच्या वरचे डोळे तेवढे दिसायचे, आणि तेही बसचा नंबर शोधत असायचे.

एकदा भाजीच्या दुकानापाशी एक बाई मोठ्यानं हसली. वहिनींनी ते दात ओळखले, निदान त्यांना तसं वाटलं. पुढचा एक दात त्यांनी मुद्दाम जरासा तिरका बसवला होता, फार सरळ ओळ खोटी दिसते म्हणून. वहिनी त्या बाईच्या मागोमाग पुलापर्यंत गेल्या. शेवटी ती बाई वळली. "काय हो, काही हवंय का?"

"नाही, मला वाटलं, आपली ओळख आहे."

"आहे का?"

"तेच कळेना," वहिनी म्हणाल्या आणि मागे फिरल्या.

घरी यजमान म्हणाले, "अगं, लोकांच्या तोंडात असं डोकावत जाऊ नकोस. परवा आमचे साहेब भेटले तेव्हा तू त्यांच्याकडे अशी बघत होतीस की त्यांनी कचेरीत आल्यावर मला विचारलं, माझ्या मिशीला काही लागलं होतं का?"

आप्पा थकले तसे त्यांचेही दात गेले. जन्मभर लोकांना दात दिलेला माणूस बोळका होऊन बसला आणि हट्टाला पेटला. "तूच माप घे," ते वहिनींना म्हणाले. "घरातल्या घरात कोणाला कळतंय?"

"कायदा आहे ना आप्पा."

"कायदा स्वयंपाकघरात येतो का?"

वहिनींचे हात खरं तर शिवशिवत होते. पण डॉक्टरीणबाईंकडून डबा यायचा तो विश्वासावर, आणि त्या विश्वासावर घर चालत होतं. त्या आप्पांना दवाखान्यात घेऊन गेल्या. माप डॉक्टरबाईंनी घेतलं, कवळी वहिनींनी केली, आणि बसवायच्या दिवशी वहिनी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मधलं दार काचेचं होतं, पण काच दुधी. आत दोन सावल्या हलत होत्या. स्वतःचा सासरा, स्वतःच्या हातची कवळी, आणि मध्ये ते दार. आप्पा बाहेर आले ते ओठ घट्ट मिटून. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. घरात पाऊल टाकल्यावर, दार लावून घेतल्यावर, त्यांनी वहिनींना समोर उभं केलं आणि तोंडभर हसले. "परक्याच्या दवाखान्यात दाखवायला मी काय वेडा आहे?" ते म्हणाले. कायदा आल्यापासून एवढ्या वर्षांत वहिनींनी आपल्या कवळीतलं पाहिलेलं ते एकच हसू.

पुढे सरकारला जाग आली. जुने नियम तपासायचे, निरुपयोगी ते काढायचे, अडचणीचे ते सुधारायचे, म्हणून एक समिती नेमली. डॉक्टर थोडे आणि बिनदातांची माणसं फार, अशी गत झाली होती. आडगावची माणसं कवळीसाठी नंबर लावून बसायची आणि नंबर येईतो मऊ गिळून दिवस काढायची. 'हरकती व सूचना' मागवल्या गेल्या. कवळी करणाऱ्यांची एक संघटना होती. तिचे सेक्रेटरी बोलण्यात फार पटाईत, चालताना हातसुद्धा भाषण दिल्यासारखे हलायचे. ते वहिनींकडे आले.

"वहिनी, समितीपुढे तुम्ही बोलायचं. आपली मागणी एकच. माप घेण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं आपण करणार. मध्ये डॉक्टर नको. आप्पांच्या खुर्चीची गोष्ट सांगा, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल."

वहिनींच्या डोळ्यांत तर आत्ताच आलं होतं. त्या हो म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. त्या वहिनींहून थोड्या लहान, शांत, हात धुतल्याशिवाय पेनलाही न शिवणाऱ्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनी, आमची संघटना विरोध करणार आहे. आणि मीही विरोधातच आहे."

"माझ्या हातावर विश्वास नाही?"

"तुमच्या हातावर पूर्ण आहे. पण कायदा तुमच्या एकटीच्या हातासाठी लिहीत नाहीत ना. लिहिणाऱ्याला सगळ्यांत वाईट हात डोळ्यांपुढे ठेवावा लागतो."

"मग चांगल्या हातानं काय करायचं?"

डॉक्टरबाई हात धुवायला उठल्या. वहिनी निघाल्या तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन त्या दिवसाचा डबा त्यांच्या हातात दिला, एवढंच.

सुनावणी एका मोठ्या सरकारी दालनात झाली. वर पंखे, खाली सतरंजी, आणि मध्येच किंचाळणारा माइक. वहिनींच्या आधी एका बाईंचा नंबर होता. त्या कोणत्याच संघटनेच्या नव्हत्या. आपल्या आपण आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्यानं चोरून एका कारागिराकडून कवळी बसवून घेतली होती. कवळी बोचायची. तो कारागीर दर वेळी ती जराशी घासून द्यायचा. पुन्हा बोचायची, पुन्हा घासायचा. हिरडीवर फोड होता तो कवळीमुळे आहे असंच दोघांना वाटत राहिलं. तो फोड साधा नव्हता. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार पसरलं होतं.

"तो माणूस वाईट नव्हता," त्या बाई म्हणाल्या. "मन लावून करायचा. कवळी तर इतकी सुंदर होती की शेवटच्या आजारातही यांनी ती काढायला नकार दिला. मला कोणाला शिक्षा नको आहे. फक्त हे नियम बदलताना माझ्या घरातलं कोणीतरी इथे असावं म्हणून आले."

त्या खाली बसल्या आणि वहिनींचं नाव पुकारलं गेलं.

वहिनींनी भाषण पाठ केलं होतं. खुर्ची होती त्यात, आरसा होता, 'स' होता. उभ्या राहिल्या आणि त्यातलं काहीएक आठवेना. दातखीळ बसल्यासारखं झालं. सेक्रेटरी खालून हातवारे करत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "या बाईंनी सांगितलं तो फोड मीही ओळखला नसता. मीही कवळीच घासली असती. आम्हाला साचा कळतो. प्लास्टरला फोड येत नाहीत, म्हणून आम्ही ते शिकलोच नाही."

दालनात कुजबुज झाली. समितीचे अध्यक्ष पुढे झुकले. "मग तुमची मागणी काय आहे?"

"आधी डॉक्टरांनी तोंड तपासावं. चांगलं आहे, रोग नाही, असं लिहून द्यावं. त्यानंतर मात्र आम्हाला त्या माणसासमोर बसू द्यावं. दर वेळी बोचलं की पुन्हा डॉक्टरांकडे पाठवायचं, असंही लिहा. हवं तर परीक्षा घ्या. पण मला माणूस बघायचा आहे साहेब. कोणासाठी करते ते मला बघायचं आहे."

बाहेर आल्यावर सेक्रेटरी संतापानं लाल झाले होते. "वहिनी, तुम्ही आपल्याच पायावर कुऱ्हाड मारलीत! आपण पूर्ण मोकळीक मागत होतो, तुम्ही डॉक्टरला मध्ये आणून बसवलंत!"

"मी कोणाला बसवलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ती बाई तिथे बसलीच होती."

घरी त्यांनी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा आता खाटेवरच असायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीही नसता ओळखला गं तो फोड." आणि कूस बदलली.

समितीनं वहिनींचा मधला रस्ता उचलला. आणखी दोघा-चौघांनी तसंच सुचवलं होतं. नवा नियम निघाला: डॉक्टरच्या तपासणीनंतर, परीक्षा दिलेल्या कारागिरानं कवळीचं माप घ्यायला आणि ती बसवायला हरकत नाही. यजमानांनी रजा काढली, पुढच्या खोलीतलं कपाट शेजाऱ्यांच्या मदतीनं हलवलं आणि भिंतींना स्वतः रंग दिला. निम्मा रंग त्यांच्याच अंगावर होता. वहिनींनी एक साधी, पाठ सरळ असलेली खुर्ची आणली.

त्या खुर्चीत कोणी बसायच्या आत न्यायालयाची स्थगिती आली.

डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली होती. कवळी करणाऱ्यांच्या संघटनेच्या वकिलानं वहिनींना समजावलं. "नियम वाईट आहे असं न्यायमूर्ती म्हणत नाहीत. ते म्हणतात, मूळ कायदा ही आई आणि नियम ही तिची लेक. आई सरळ 'नाही' म्हणते आहे, तिथे लेकीला 'हो' म्हणता येत नाही. खात्याला असा नियम करायचा अधिकारच नव्हता."

"मग आईला कोण समजावणार?"

"विधिमंडळ. कायदाच बदलावा लागेल."

डॉक्टरीणबाई एका सकाळी शिपायाला न पाठवता स्वतः डबा घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "वहिनी, त्या अर्जावर माझीही सही आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

वहिनींनी डबा उघडला, माप उजेडात धरलं. "हे डावीकडे ओढलं गेलंय. पुन्हा घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. मग माप डब्यात परत ठेवत, "आत या, चहा टाकते."

अशी वर्षं गेली. न्यायालयात दोघी समोरासमोर आणि डब्यात एकत्र. विधेयक आलं, चर्चेला घ्यायच्या आधी अधिवेशन संपलं. पुन्हा आलं, तर सरकारच गेलं आणि त्याबरोबर विधेयकही. नव्या सरकारनं नवी समिती नेमली; जुन्या समितीचा अहवाल कुठे आहे ते शोधायलाच तिला बराच काळ लागला. यजमान म्हणायचे, "तुझा कायदा आणि माझा गुडघा, दोघंही उद्या उठतो म्हणतात." पुढच्या खोलीत वहिनी कपडे वाळत घालू लागल्या. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. कधी दुपारच्या त्या तिथे जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. रस्त्यावरून माणसं जायची, बोलत, हसत, जांभया देत. यातल्या कितीजणांच्या तोंडात आपलं काम असेल, आणि आणखी कितीजण ते जगातून जाताना बरोबर घेऊन गेलेसुद्धा असतील, असं मनात यायचं. याच काळात आप्पा गेले. कवळीचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या त्यांच्या तोंडात.

शेवटी कायदा बदलला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. वहिनींचे केस तोवर पांढरे झाले होते. परीक्षेला विशी-पंचविशीची पोरंपोरी होती. एकीनं त्यांना पर्यवेक्षक समजून पाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं. तोंडातले रोग ओळखायचा पेपर त्यांना जड गेला. त्या एकदा नापास झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना संध्याकाळी बोलावून चित्रं दाखवून शिकवलं, हा साधा, हा संशयाचा, हा दिसला तर लगेच माझ्याकडे. दुसऱ्यांदा वहिनी काठावर सुटल्या. यजमानांनी गल्लीभर सांगितलं की पहिल्या आल्या.

परवाना भिंतीवर लागला आणि कोणीही आलं नाही. लोकांना सवयच नव्हती. पुष्कळ दिवसांनी एक निवृत्त बसचालक आले, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. खुर्चीत बसले, तोंड उघडलं. वहिनींनी हात धुतले, बोट हिरडीवरून फिरवलं आणि चमकल्या. ऊब. प्लास्टर जन्मभर गारच असतं. तोंड उबदार असतं, त्यात श्वास येतो-जातो, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

"काही चुकलं का?" बसचालकांनी विचारलं.

"नाही, नाही. बसा."

कवळी झाली. बसचालक काही हसले नाहीत. उजवीकडे बोचते म्हणाले. वहिनींनी आधी नीट बघितलं, संशय नको म्हणून डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं, मग घासून दिली. मग 'च' म्हणताना शिट्टी वाजते म्हणाले. मग शिट्टीची सवय झाली, आता वाजत नाही तर चुकल्यासारखं होतं म्हणाले. शेवटच्या खेपेला ते आपल्या जुन्या कंडक्टरची गोष्ट सांगत होते, तो चुकीच्या बसमध्ये चढून शेवटच्या थांब्यापर्यंत तिकिटं फाडत गेला त्याची. कवळी त्यांच्या तोंडातच होती आणि वहिनी चाकापाशी दुसरं काम घासत पाठमोऱ्या होत्या. मागून खदखदून हसण्याचा आवाज आला. त्या गरकन वळल्या, पण तोवर बसचालकांनी तोंडावर हात नेला होता. सवय.

वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांनी चाक बंद केलं, स्टूल ओढलं आणि समोर येऊन बसल्या. "मग पुढे काय झालं त्या कंडक्टरचं?" त्यांनी विचारलं. बसचालकांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी हात खाली राहिला.

आता महिन्याला दोघं-तिघं येतात. बाकी सगळे अजून दवाखान्यातच जातात, आणि डबा सकाळी येतोच. फक्त हल्ली डबा उघडल्यावर वहिनी डॉक्टरीणबाईंना फोन करतात. पहिल्यांदा केला तेव्हा त्यांनाच संकोच वाटला होता. "कामाचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण या बाई कशा आहेत हो?"

डॉक्टरबाई हात धूत असाव्यात. नळ बंद केल्याचा आवाज आला.

"उंच आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोलताना मान एका बाजूला कलते. नातवाबरोबर आल्या होत्या. तोच सगळं बोलत होता, त्यांनी तोंडाला पदर लावला होता. जाताना मला म्हणाल्या, घाई नाही, पण लवकर द्या."

"घाई नाही, पण लवकर द्या," वहिनींनी पुन्हा म्हटलं.

"हो. आणि डोळे हसरे आहेत."

"बरं," वहिनी म्हणाल्या. फोन त्यांनी कानाशी तसाच धरून ठेवला. "अजून सांगा."